देव, माणूस आणि मधल्या पायऱ्या

ज्या समाजाने १९५६ साली नागपुरात देवाचा प्रश्न निकालात काढला, त्या समाजातल्या वाचकांपुढे ख्रिस्ती ईश्वरविज्ञान मांडण्याचे प्रयोजन काय, असा सवाल कोणी केला तर तो रास्तच आहे. माझे उत्तर असे : देव आहे की नाही हा एक प्रश्न झाला. एखादा धर्म देव आणि माणूस यांच्यातले अंतर कसे मोजतो हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. आणि ज्या मापाने धर्म हे अंतर मोजतो, त्याच मापाने तो पुढे माणसामाणसांतले अंतरही मोजू लागतो. देव न मानणाऱ्यालासुद्धा या मापाचे चटके बसतात. कारण ते माप पोथीत राहत नाही. ते गावाच्या रचनेत, विहिरीच्या काठावर, टांग्याच्या बैठकीवर येऊन बसलेले असते.

टांग्याचा उल्लेख सहज केलेला नाही. आमच्या एरंडोलपासून चाळीसगाव काही फार दूर नाही. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. धुळ्याच्या बाजूचे काम आटोपून ते चाळीसगावला उतरले, तेव्हा तिथल्या महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनावरून न्यायला टांगा हवा होता. टांगेवाले टांगा भाड्याने द्यायला तयार होते, पण अस्पृश्याला बसवून तो हाकायला त्यांच्यातला एकही तयार होईना. शेवटी वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीपाशी चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसावर फेकले गेले, पाय मोडला आणि घोडा टांग्यासह खाली कोसळला. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. हलके समजले जाणारे काम करणारा टांगेवालाही एका बॅरिस्टरापेक्षा स्वतःला वरचा समजतो, हा त्यातला त्यांनी टिपलेला मुद्दा आहे.

त्या टांगेवाल्याने वेद वाचले नव्हते. पण जग ही एक शिडी आहे आणि आपल्या पायरीखाली आणखी कोणीतरी आहे, एवढे तत्त्वज्ञान त्याच्या अंगी पुरते मुरले होते. या शिडीच्या टोकाला देव, त्याच्या लगेच खाली भूदेव, आणि मग एकेक करीत शेवटी गावकुसाबाहेर. देव आणि माणूस यांच्यामध्ये येथे ठळक रेघ कोठेच ओढलेली नाही. सगळ्याच मधल्या पायऱ्या. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचे वेगळेपण येथेच आहे. मुळात तरी तेथे शिडी नाही, एकच रेघ आहे. रेघेच्या पलीकडे निर्माता, अलीकडे निर्माण झालेले सर्व. आणि अलीकडे जे माणसे म्हणून आहेत ती सगळी त्या निर्मात्याची सारख्याच मोलाची प्रतिरूपे आहेत. साम्य आणि भेद अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवण्याची ही खटपट दोन हजार वर्षे चालू आहे.

प्रथम साम्याचा विचार करू. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव मनुष्याला आपल्या स्वरूपाचा घडवतो, असे सांगितले आहे. मराठी बायबलने यासाठी ‘प्रतिरूप’ आणि ‘सदृश’ असे दोन शब्द वापरले. मूळ हिब्रूत ते ‘त्सेलेम’ आणि ‘दमूत’ आहेत. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसने या दोन शब्दांत भेद पाहिला, सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी तो नाकारला. त्या वादात आपल्याला पडायचे कारण नाही. महत्त्वाचे हे की ‘त्सेलेम’ म्हणजे चक्क मूर्ती, पुतळा. प्राचीन मिसर आणि मेसोपोटेमियात ‘देवाचे प्रतिरूप’ ही राजाची पदवी होती. राजा हा देवाचा पृथ्वीवरचा पुतळा आणि बाकीची प्रजा म्हणजे देवांची व राजाची वेठ करणारी. अनेक अभ्यासकांच्या मते उत्पत्तीचा हा अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या सुमारास, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, आजच्या रूपाला आला. हरलेल्या, देशोधडीला लागलेल्या लोकांच्या परंपरेने जेत्या राजाची पदवी काढून घेतली आणि ती सरसकट मनुष्यजातीला बहाल केली. पुरुषाला आणि स्त्रीलाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. कुळ सांगितलेले नाही, वंश सांगितलेला नाही, राजाचा तर उल्लेखही नाही. धर्मग्रंथातले हे वाक्य मुळात बंडाचे आहे. पुढे ते देवळातल्या गुळगुळीत पायरीसारखे झाले, ही गोष्ट निराळी.

याच धर्माने देवाची मूर्ती करायला मनाई केली, याचाही अर्थ यातूनच लागतो. देवाची मूर्ती या जगात आधीच आहे. ती चालते, बोलते, घाम गाळते.

आता हे साम्य नेमके कशात आहे ? येथे ईश्वरविज्ञान घसरले, असे माझे मत आहे. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या प्रभावाखाली साम्य बुद्धीत आहे असे ठरले. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनने स्मृती, आकलन आणि इच्छा या मनाच्या त्रयीत देवाच्या त्रैक्याची छाया पाहिली. सिद्धांत देखणा आहे. पण साम्य एकदा बुद्धीत ठेवले की ज्याला बुद्धी कमी असे ठरवता येईल, त्याचे माणूसपणही कमी ठरवता येते. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या बाबतीत हेच झाले. तेही खरी माणसेच आहेत, हे सांगायला १५३७ साली तिसऱ्या पॉल पोपला फर्मान काढावे लागले. आणि त्यानंतरही १५५०-५१ मध्ये स्पेनच्या व्हायादोलिद शहरात लास कासास आणि सेपुल्वेदा या दोन पंडितांत त्यांच्यावर शस्त्र धरणे न्याय्य आहे की नाही, यावर वाद रंगला. ज्यांच्याबद्दल वाद होता ती माणसे अर्थात त्या सभेत नव्हती. हे दृश्य आपल्या फार ओळखीचे आहे.

आता आपल्याकडचे पाहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तातही माणूस दैवी शरीरातूनच येतो. वरवर पाहता हे नाते उत्पत्तीतल्या नात्यापेक्षा जवळचे आहे. तेथे नुसते प्रतिरूप, येथे प्रत्यक्ष अंग ! परंतु अंग वाटून दिलेले आहे. मुख एकाचे, बाहू दुसऱ्याचे, मांड्या तिसऱ्याच्या, पाय चौथ्याचे. आणि जो पाचवा, त्याच्या वाट्याला त्या विराट देहात नखाएवढीही जागा नाही. देवाशी जवळीक आहे, पण ती हिश्शाने आहे. प्रतिरूपाचे हिस्से पडत नाहीत, अंगाचे पडतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त याच जागेवर बोट ठेवले. तोंडातून माणूस जन्मला तर तोंडाला विटाळ येत होता काय, असा रोकडा सवाल त्यांनी धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात केला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तला निर्मिक हा या अंगवाटपाला दिलेला पर्याय होय. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेल्या आणि टॉमस पेन वाचलेल्या जोतीरावांनी ख्रिस्ती विचारातली निर्माता आणि निर्मिती ही रेघ घेतली. बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता या मांग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आलेल्या निबंधात थेट देवालाच विचारले होते की, ब्राह्मण म्हणतात वेद आमचे, तर मग आमचा धर्म कोणता ? मधली पायरी वगळून देवाशी बोलणारी ही चौदा-एक वर्षांची मुलगी कोणत्याही पंडितापेक्षा त्या रेघेच्या जवळ पोचली होती.

आता भेदाकडे वळू. वाचकांना निसेया येथील परिषद हे केवळ चर्चच्या इतिहासातले एक प्रकरण वाटेल, पण शिडीच्या दृष्टीने ते पाहण्यासारखे आहे. चौथ्या शतकात आरियस नावाच्या धर्मगुरूने असे मांडले की येशू हा देवही नाही आणि सामान्य माणूसही नाही; तो देवाने सर्वांत आधी निर्माण केलेला, सर्वांत श्रेष्ठ असा जीव आहे. म्हणजेच येशूला त्याने मधल्या पायरीवर बसवले. ३२५ साली निसेयाच्या परिषदेने हे नाकारले. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे तो रेघेच्या पलीकडचा, असा निर्णय झाला. पुढे ४५१ साली खल्केदोनच्या परिषदेने दुसरी बाजू तितक्याच जोराने मांडली : तो पूर्ण देव आहे तसाच पूर्ण माणूसही आहे, दोन स्वभाव एका व्यक्तीत आहेत, त्यांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. हे गणित बसत नाही असे कोणी म्हणेल. बसत नाहीच. पण त्यामागचा आग्रह स्पष्ट आहे. अर्धा देव आणि अर्धा माणूस अशी भेसळ त्यांना नको होती. कारण अर्धा देव मान्य केला की पाव देवही मान्य करावा लागतो, आणि मग भूदेवाची सोय आपोआप होते.

मराठीत हा विचार सांगताना शब्दांनी फार घोटाळा केला. गोव्यात १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्सला स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ म्हणावे लागले. श्रोत्यांना दुसरा शब्द ठाऊक नव्हता. येशूच्या जन्माला ‘अवतार’ म्हणणे सोपे होते. पण अवतार हा वेष आहे. पुन्हा पुन्हा घेता येतो, मासा, कासव, वराह असा कोणताही. शिवाय पुराणांतले अवतार वर्णधर्माची घडी नीट बसवायला येतात. म्हणून मराठी ख्रिस्ती लेखकांनी ‘देहधारण’ हा शब्द रुळवला. हा देह सोंगाचा नव्हे. तो भुकेला होतो, थकतो, मित्राच्या मरणाने रडतो आणि गुन्हेगार म्हणून मारला जातो. एवढे असूनही हे प्रकरण सहज पचणारे नव्हते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला खरा. पण येशूचे देवत्व आणि त्रैक्य यांबद्दल त्यांनी तिथल्या भगिनींशी पत्रांतून जे वाद घातले ते वाचण्यासारखे आहेत. एका धर्मातले पुरोहित सोडून आले ते दुसऱ्या धर्मातल्या पुरोहितांच्या ताब्यात जाण्यासाठी नव्हे, हा त्यांचा बाणा होता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी सगळे बायबल हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणले. संस्कृतप्रचुर शब्द वापरले की त्यांच्यामागून वेदान्ताचा अर्थ आत शिरतो, अशी त्यांची तक्रार होती. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी हे काम पुरे केले. अडाणी बाईला वाचता यावे म्हणून देवाची भाषा सोपी करणे, हेही ईश्वरविज्ञानच आहे.

भाषेचा हा प्रश्न युरोपातही होता. देव ‘चांगला’ आहे आणि शेजारी ‘चांगला’ आहे. या दोन वाक्यांत ‘चांगला’ एकच काय? १२१५ च्या लॅटरन परिषदेने असा दंडक घातला की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, त्याहून मोठा भेद तेथे शिल्लक आहे हे विसरू नका. त्याच शतकातल्या टॉमस अक्वायनसने हे उदाहरणाने समजावले. माणूस निरोगी असतो, औषध निरोगी असते आणि लघवीही निरोगी असते. शब्द एक, अर्थ तीन; परंतु तिन्ही एकमेकांशी बांधलेले. औषध आरोग्य देते, लघवी ते दाखवते, आरोग्य मात्र माणसात असते. देवाबद्दलचे आपले सारे शब्द असेच नात्याने चालतात. ना अगदी तेच, ना अगदी तुटलेले. आपल्याकडे ‘मायबाप’ हा शब्द घ्या. विठ्ठल मायबाप, पाटील मायबाप, सरकार मायबाप. जोहार घालताना आपल्या पूर्वजांनी हा शब्द किती दारांपुढे उच्चारला असेल ! अक्वायनसचा दंडक लावला तर पाटलाला मायबाप म्हणताना भेद किती मोठा आहे, हे आधी सांगावे लागेल. आपल्या भाषेत तो कोणी सांगितला नाही.

भेदाच्या या आग्रहाला राजकीय धार आहे. विसाव्या शतकात कार्ल बार्थने रोमकरांस पत्रावर लिहिलेल्या भाष्यात देव हा माणसापेक्षा सर्वस्वी वेगळा आहे, असे ठणकावले. तेव्हा ते कोरडे पांडित्य वाटले. १९३४ साली जर्मनीत हिटलरला जवळजवळ देवदूत ठरवणारे ख्रिस्ती निघाले, तेव्हा त्याच बार्थने बार्मेनच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला आणि हाच भेद त्यांच्यासमोर धरला. कोणीही माणूस देव नाही, म्हणून कोणताही नेता देव नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीकडे नेणारा रस्ता आहे, असा इशारा दिला, तो देवाचे नाव न घेता हीच गोष्ट सांगणारा होता. आपल्या चळवळीतल्या हारतुऱ्यांच्या संदर्भात तो किती जणांना आठवतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता खरा पेच. भेद मानण्याऐवजी अभेदच का मानू नये ? जीव आणि ब्रह्म एकच म्हटले की सगळे समान झाले ! काशीत वाढलेले मराठी शास्त्री नीलकंठ गोऱ्हे १८४८ साली ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोऱ्हे झाले आणि १८६० च्या ‘षड्दर्शनदर्पणा’त त्यांनी वेदान्ताच्या या अभेदावरच घाव घातला. बाबासाहेब मात्र येथे गोऱ्ह्यांच्या बाजूला उभे राहत नाहीत, आणि हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा राम-कृष्णाच्या प्रकरणावरून एवढे वादळ उठले की ब्रह्मावरचे प्रकरण वाचायला कोणाला उसंत राहिली नाही. त्यात बाबासाहेब म्हणतात की सगळी माणसे देवाची लेकरे आहेत ही कल्पना लोकशाहीचा पाया म्हणून कच्ची आहे. तू आणि मी एकाच तत्त्वाचे अंश आहोत हा विचार त्याहून पक्का पाया ठरू शकला असता. मग तो ठरला का नाही ? कारण ब्रह्म हे चिंतनात राहिले आणि व्यवहाराचा धर्म वर्णाच्या ताब्यात राहिला. ब्रह्म एक, धर्म चार, अशी ती वाटणी. पंढरीत चोखोबांना पायरीपाशी ठेवणाऱ्यांपैकी अभेदाचे तत्त्व कोणाला ठाऊक नव्हते असे नाही.

हाच निकष ख्रिस्ती विचाराला लावला पाहिजे. प्रतिरूपाचा सिद्धांत जिथे शिकवला गेला तिथे चर्चमध्ये वेगळी बाके राहिली, दफनभूमीत वेगळे कोपरे राहिले. गोव्यात बामण, चारडो आणि सुदीर ही विभागणी बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाही. आणि कायद्याने तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातींबाहेरच ठेवले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातली दुसरी अडचण बाबासाहेबांनी धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना दाखवली आहे. मनुष्य देवाचे प्रतिरूप खरे, पण आदामाच्या पापाने ते विद्रूप झाले, असे चर्च सांगते. अस्पृश्याला जेव्हा त्याच्या अधोगतीचे कारण पाप म्हणून सांगितले जाते, तेव्हा ज्या समाजव्यवस्थेने त्याला चिरडले तिच्याकडे पाहायचे त्याला कारणच उरत नाही. प्रतिरूप पापाने विद्रूप झाले असेलही. पण कोणाच्या पापाने? तराळाच्या की पाटलाच्या ?

हा प्रश्न चर्चच्या आतून विचारणारा मराठी माणूस म्हणजे अरविंद निर्मळ. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाची मांडणी केली आणि त्यातून पुढे ‘दलित थिऑलॉजी’ नावाचा प्रवाह निघाला. उच्चवर्णीय धर्मांतरितांनी भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून वेदान्ताशी जुळवाजुळव केली, त्यात दलित ख्रिस्ती कोठेच नव्हता, हा त्यांचा पहिला आरोप. मुक्तीचे ध्येय म्हणून ते पूर्ण माणूसपण, म्हणजेच आपल्यातले देवाचे प्रतिरूप, प्रत्यक्षात येणे असे सांगतात. येथवर ठीक. पण ते याहून पुढे जातात. येशू शिष्यांचे पाय धुतो. पौल फिलिप्पैकरांस पत्रात म्हणतो की देवाच्या रूपात असलेल्याने स्वतःला रिते केले आणि दासाचे रूप घेतले. यावरून निर्मळ म्हणतात की दलितांचा देव हा सेवक देव आहे. तो धोबी आहे, भंगी आहे. साम्याची दिशाच त्यांनी उलटी केली. माणूस देवासारखा आहे का, हे न विचारता देव कोणत्या माणसासारखा आहे, हे त्यांनी विचारले.

धाडस मोठे आहे, आणि तरीही माझे मन तेथे अडखळते. माझे आजोबा येसकराची काठी घेऊन दारोदार भाकर गोळा करीत. दासाचे रूप त्यांनी घेतलेले नव्हते. ते त्यांच्यावर लादलेले होते. जो रूप घेतो तो टाकूही शकतो. देव सेवक आहे असे म्हटले की झाडूला पावित्र्य येते, आणि झाडू पवित्र झाला की तो हातातून सुटणे कठीण. गांधीजींच्या ‘हरिजन’ शब्दाला आपण याच कारणाने नकार दिला. पौलाचे ते वचन जरा निरखून पाहिले तर मात्र त्यात रिते व्हायला कोणाला सांगितले आहे, हे दिसते : ज्याच्याजवळ काही आहे त्याला. म्हणजे ते वचन महारवाड्यात वाचायचे नसून पाटलाच्या वाड्यावर, बिशपच्या बंगल्यावर आणि चाळीसगावच्या त्या टांगा-स्टँडवर वाचायचे आहे. निर्मळ १९९५ साली गेले. त्यांच्या मागे आलेल्या दलित ख्रिस्ती विचारवंतांनीही सेवक देवाच्या कल्पनेवर हीच शंका घेतली आणि दास्याऐवजी प्रतिष्ठेवर भर दिला.

आपण बौद्धांनी प्रतिरूपाची ही भाषा उसनी घ्यावी, असे मला म्हणायचे नाही. बुद्धाने आपल्या धम्मात स्वतःला जागा ठेवली नाही, तो मार्गदाता राहिला, मोक्षदाता झाला नाही, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये आवर्जून सांगितले आहे. तेथे पायऱ्या नाहीत आणि रेघही नाही. पण नवापूर-नंदुरबारकडच्या भिल्ल-मावची वस्त्यांतले आणि नगरकडचे महार-मांग ख्रिस्ती आपलेच आहेत. त्यांच्याशी बोलताना देव आहे की नाही येथून सुरुवात केली तर बोलणे पहिल्याच वाक्यात संपते. त्यांच्याच पुस्तकातल्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली, राजाची पदवी सगळ्या माणसांना देणाऱ्या त्या ओळीपासून, तर बोलणे पुष्कळ लांबवर जाते, असा माझा अनुभव आहे.